बोटाची तीन पेरे

२०२० च्या पावसाळ्यात आमची शाळा मोबाईलवर भरत होती. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी असलेल्या आमच्या गावात पाऊस लागला की नेटवर्क जाते, आणि तेव्हा बहुतेक घरांत एकच मोबाईल, तोही वडिलांबरोबर कामावर गेलेला असे. त्यामुळे व्हिडिओचा नाद सोडून मी रोज सात-आठ मिनिटांचा पाठ माझ्या आवाजात रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पालकांना पाठवीत असे आणि मुले तो संध्याकाळी ऐकत. एका विद्यार्थ्याची आजी त्याच्याशेजारी बसून हे पाठ नेमाने ऐकत असे. गृहपाठाची चौकशी करण्यासाठी मी एकदा फोन केला, तेव्हा तो तिनेच घेतला आणि घरच्यांची विचारपूस झाल्यावर ती सहज म्हणाली, "टीचर, प्रस्न तुमीच विचारतात आनी जापूय तुमीच दितात."

कोकणीत ‘जाप’ म्हणजे उत्तर. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रेकॉर्डिंग करताना समोर कोणी नसते, म्हणून उत्तरही मलाच द्यावे लागते, असे मी तिला सांगितले आणि तिला ते पटले. मला मात्र माझेच उत्तर पटले नाही. समोर वीस मुले बसलेली असतानाही मी हेच करीत आले असेन, ही शंका एकदा मनात आली ती गेली नाही. तेव्हा माझ्या नोकरीला अठरा वर्षे झाली होती. मुले वर्गात परतल्यावर या शंकेचा छडा लावण्यासाठी मी जे केले आणि त्यातून माझ्या शिकवण्यात जे बदलले, ते येथे लिहीत आहे.

प्रशिक्षणे मी पुष्कळ केली आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली ‘निष्ठा’ हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा प्रारंभिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत तो पोहोचवण्याचे उद्दिष्ट होते. पुढच्याच वर्षी तो ‘दीक्षा’ या व्यासपीठावर ऑनलाईन आला आणि त्याचे घटक मी ओळीने पूर्ण केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे, आणि ते तास मी भरले आहेत. या प्रशिक्षणांनी मला विचार करायला शब्द दिले, हे मी कृतज्ञतेने सांगते. आकारिक मूल्यमापन (शिकवता शिकवताच मुलाला किती कळले ते पाहणे) म्हणजे नेमके काय, मुलाची चूक ही त्याच्या विचाराची खूण कशी असते, हे मला तेथेच प्रथम कळले. पण प्रशिक्षण संपवून मी वर्गात परतले की त्या शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहणारे कोणी नव्हते, आणि मीही ते पाहत नव्हते. एका प्रशिक्षणात कृतियुक्त अध्ययनावर दिवसभर व्याख्यान झाले आणि आम्ही साठ-सत्तर शिक्षकांनी ते मान डोलावत ऐकून घेतले. संध्याकाळी घरी जाताना मला वाटले होते की आज मी पुष्कळ शिकले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच केले, जे आदल्या आठवड्यात करीत होते.

शाळा पुन्हा नियमित सुरू झाल्यावर मी मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली, पालक-शिक्षक संघाच्या सभेत सांगितले आणि मुलांनाही विश्वासात घेतले की आठवड्यातून एकदा वीस मिनिटे मी वर्गातला आवाज रेकॉर्ड करणार आहे, तो फक्त मी ऐकणार आहे आणि ऐकून झाल्यावर पुसून टाकणार आहे. चित्रीकरण नको, हे मी आधीच ठरवले होते, कारण कॅमेरा दिसला की मुले आणि मी दोघेही कॅमेऱ्याकडे बघून वागणार. आमची शाळा चौथीपर्यंतची. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गोव्यात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या, त्यांतलीच ही एक. एकेकाळी तिचे चारही वर्ग भरलेले असत. आज आम्ही दोघी शिक्षिका आहोत. पहिली-दुसरी मुख्याध्यापिका घेतात, तिसरी-चौथीची वीस मुले एका खोलीत माझ्याकडे असतात. मोबाईल मी खिडकीच्या कट्ट्यावर, खडूच्या डब्याला टेकवून ठेवला आणि तिसरीचा परिसर अभ्यासाचा तास घेतला.

त्या रात्री मी वही घेऊन बसले. वीस मिनिटांचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घ्यायला मला अडीच तास लागले, आणि ज्यांना हा प्रयोग करावासा वाटेल त्यांनी निदान पहिल्या वेळी तरी हे कष्ट टाळू नयेत, कारण नुसते ऐकताना कान आपल्याला सांभाळून घेतो, कागद घेत नाही. कागदावर माझे ४७ प्रश्न होते. त्यांतील बहुतेकांचे उत्तर एका शब्दाचे होते. कित्येक प्रश्न असे होते की मी वाक्य अर्धे सोडायचे आणि मुलांनी शेवटचा शब्द एका सुरात पुरा करायचा. ज्या थोड्या प्रश्नांना खरोखर विचार करावा लागला असता, तेथे मी विचारले, लगेच तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारला, मग एक इशारा दिला आणि मग उत्तरही सांगून टाकले. मध्ये कोठेही शांतता नव्हती. वीसपैकी चार मुलांचे आवाज मला ओळखता आले. आजीचे बोलणे शब्दशः खरे होते.

याच सुमारास माझ्या वाचनात मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंचे काम आले. विज्ञानाचे वर्ग ध्वनिमुद्रित करून त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि उत्तर आले नाही तर स्वतः बोलू लागतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी होते आणि एरवी गप्प राहणारी मुलेही आपणहून बोलतात. थांबे दोन असतात, हे त्यांचे म्हणणे मला विशेष मोलाचे वाटले. एक थांबा प्रश्नानंतरचा आणि दुसरा मुलाच्या उत्तरानंतरचा. मूल बोलून थांबले की आपण ताबडतोब ‘बरोबर’, ‘शाब्बास’ किंवा ‘चूक’ म्हणतो, आणि तेथे त्याचा विचार संपतो.

तीन सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. वर्गात ते किती मोठे असतात हे प्रत्यक्ष थांबल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दिवशी मी दोन वेळा थांबले आणि दोन्ही वेळा घाबरून बोलले. घड्याळाकडे पाहावे तर मुलांवरची नजर हटते, मनात आकडे मोजावेत तर प्रश्न विसरतो. मग एक उपाय सापडला. अंगठा सोडला तर आपल्या प्रत्येक बोटाला तीन पेरे असतात. हात पाठीमागे घेऊन अंगठा तर्जनीच्या एकेका पेरावर सावकाश टेकवायचा. तिन्ही पेरे झाली म्हणजे तीन सेकंद झाले. माझी आजी याच पेरांवर जप मोजत असे. मी त्यांवर मुलांसाठी थांबायला शिकले.

पहिले दोन आठवडे याचा काहीच उपयोग दिसला नाही, उलट वर्ग बिथरला. मी गप्प राहिले की मुले समजत की आधीचे उत्तर चुकले. ज्याने बरोबर सांगितले होते तोही घाईने उत्तर बदले. एरवी बोलणारी चार मुले शांतता सहन न होऊन ओरडून उत्तर देत आणि बाकीची खाली मान घालत. तेव्हा लक्षात आले की माझी सवय एकटी माझी नव्हती, ती त्यांचीही झाली होती, आणि हा बदल त्यांना सांगून करायला हवा होता. मी त्यांना पेरांची गोष्ट सांगितली. ‘मी गप्प राहिले म्हणजे चुकले असे नाही, मी तुम्हांला विचार करायला वेळ देते आहे,’ असे सांगितले. हात वर करणे बंद केले. प्रश्न विचारल्यावर आधी शेजाऱ्याला उत्तर सांगायचे आणि मग मी चिठ्ठी काढून ज्याचे नाव येईल त्याने बोलायचे, असे ठरले. ज्याला येत नसेल त्याने ‘मी अजून विचार करतो आहे’ म्हणायचे आणि मी त्याच्याकडे परत यायचे. परत जाण्याचा शब्द मी पाळला, कारण तेथे एकदा जरी चुकले असते तर ते वाक्य पळवाट झाले असते.

या थांबण्यातून जे पहिले खरे फळ मिळाले ते गणितात. तिसरीत मी ‘एकोणपन्नास’ लिहायला सांगितले आणि एका मुलाने ५९ लिहिले. या चुकीला मी अठरा वर्षे लाल शाईने खोडत आले होते आणि ‘पाढे पाठ कर’ असे सांगत आले होते. या वेळी मी त्याला विचारले, "हे तू कसे ठरवलेस?" आणि अंगठा पेरावर ठेवला. तीन पेरे झाली, दुसऱ्या बोटाचीही झाली. मग तो म्हणाला की ‘पन्नास’ ऐकू येते म्हणून पाच, आणि एकोणीसमध्ये, एकोणतीसमध्ये शेवटी नऊ असतो म्हणून ‘एकोण’ म्हणजे नऊ. मी ‘शाब्बास’ही म्हटले नाही आणि ‘चूक’ही म्हटले नाही. त्याच्या म्हणण्यात एक नियम होता, तो त्याने स्वतः शोधला होता, आणि नियमाचा एक भाग अगदी बरोबर होता.

मराठी अंकनामांचा हा प्रश्न जुना आहे. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. त्यात जोडाक्षरांची भर. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत जुन्या पद्धतीच्या जोडीला दिली गेली, तेव्हा केवढा वाद झाला होता, आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी ती पद्धत लहान मुलांना का सोपी जाते हे शांतपणे समजावून सांगितले होते. त्या वेळी आमच्याकडेही शिक्षकांत दोन तट पडले होते. माझे मत आता अनुभवाने बनले आहे. नवी पद्धत सुरुवातीला आधार म्हणून जरूर वापरावी, पण ‘एकोण’ टाकून देऊ नये, कारण त्या शब्दाच्या पोटात वजाबाकी आहे. एक ऊन, म्हणजे एक कमी, असा त्याचा अर्थ. हा अर्थ मुलांच्या हातांतून गेला पाहिजे.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी माडाच्या हिरांच्या जुड्या नेल्या. आमच्याकडे घरोघरी केरसुणीसाठी हीर काढलेले असतात, ते कापून दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधल्या होत्या. त्या मुलाला पाच जुड्या दिल्या आणि सांगितले की यातला एक मला दे. त्याने जुड्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. बांधलेल्या जुडीतून एक हीर ओढून निघेना. शेजारची मुलगी म्हणाली, "सोड ती." त्याने रबर सोडले, एक हीर माझ्या हातात दिला आणि समोर उरलेले मोजले. चार जुड्या आणि नऊ सुटे. तो बराच वेळ बोलला नाही. मीही बोलले नाही. मग त्याने पाटीवर ४९ लिहिले आणि म्हणाला, "पन्नासाक एक उणो." कोकणीत ‘उणो’ म्हणजे कमी. ‘एकोण’ या शब्दातला ऊन त्याच्या घरच्या भाषेत जिवंत होता आणि तो मी इतकी वर्षे पाहिला नव्हता. हातच्याच्या वजाबाकीत दशक का सोडवायचा, हे त्या वर्षी मला वेगळे शिकवावे लागले नाही. मुले ‘रबर सोडायचे’ असे म्हणू लागली आणि वजाबाकीच्या वेळीही तेच शब्द वापरू लागली.

त्यानंतर सगळे ‘एकोण’ फळ्यावर लिहिले गेले, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत. यादी संपली तेव्हा एका मुलीने विचारले की नव्व्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत. मला उत्तर आले नाही आणि मी तसे सांगितले. तो प्रश्न तारीख घालून मी भिंतीवर लावला. आजही तो तेथे आहे, आणि प्रत्येक नवा वर्ग त्याखाली काहीतरी लिहितो.

एक रेकॉर्डिंग मात्र असे होते की ते ऐकल्यावर हा उपक्रम बंद करावा असे मला वाटले. नोव्हेंबरचा महिना होता, चौथीची मुले भागाकार करीत होती आणि तिसरीची मुले त्याच खोलीत गडबड करीत होती. एका मुलाने तीच चूक तिसऱ्यांदा केली. माझा आवाज रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे: "एवढे साधे कळत नाही तुला? कालच शिकवले ना?" त्यानंतर पाच-सहा सेकंद फक्त बाक सरकल्याचा आवाज आहे. मी असे बोलले हे मला आठवतच नव्हते. त्या दिवशी मला कोणी विचारले असते तर माझा तास चांगला झाला असेच मी सांगितले असते. मी ती जागा तीनदा ऐकली आणि वहीत लिहून ठेवली, कारण माझे प्रश्न मी मोजते तर माझी अशी वाक्येही मोजली पाहिजेत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, मुले भाजी-पाव खाऊन हात धूत असताना, मी त्या मुलाला बाजूला बोलावून सांगितले की काल मी तुझ्याशी बोलले ते बरोबर नव्हते. त्याने नुसती मान हलवली आणि पळाला. मोठ्यांनी लहानांची माफी मागण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि मलाही ते जड गेले. पण तो मुलगा त्यानंतर ‘कळले नाही’ असे मोठ्याने म्हणू लागला, आणि तो म्हणू लागल्यावर आणखी तिघे म्हणू लागले.

रेकॉर्डिंगने मला माझा आवाज ऐकवला. मुलांचे पुटपुटणे त्याला ऐकू येत नव्हते. त्यासाठी दुसरा माणूस लागला. शेजारच्या दोन गावांतील दोन शिक्षिका आणि मी, अशा तिघींनी जपानमध्ये शिक्षक जी पाठ-अभ्यासाची पद्धत वापरतात तिचे एक छोटे रूप करून पाहायचे ठरवले. एक पाठ तिघींनी मिळून आखायचा, एकीने तो आपल्या वर्गात घ्यायचा, बाकीच्यांनी मुलांचे निरीक्षण करायचे आणि नंतर तिघींनी बसून त्यावर बोलायचे. भागशिक्षणाधिकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन सत्रात दोन वेळा हे करायला मिळाले. वर्गात दुसरे कोणी येऊन बसले की ती तपासणी, अशी आम्हां शिक्षकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे, आणि पहिल्या वेळी माझे हात खरोखर गार पडले होते. ती भीती एका नियमाने गेली. निरीक्षण करणारीने शिक्षिकेविषयी एकही वाक्य लिहायचे नाही. एक मूल निवडायचे आणि त्या मुलाने काय केले, काय म्हटले, एवढेच लिहायचे.

फेब्रुवारीतला पाठ मिठाचा होता. आगरवाड्याची मिठागरे आमच्यापासून दूर नाहीत, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोबा मिठागरात काम करतात. आम्ही मुलांना आधी तेथे नेऊन आणले. भरतीचे खारे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत कसे घेतात, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडताना ते उन्हाने कसे आटत जाते, शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ कसे धरते आणि ते ओढून ढीग कसे करतात, हे सगळे मुलांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी विचारले, "वाफ्यातले पाणी कुठे गेले?" नियमाप्रमाणे थांबले. जोडीदारांनी एकमेकांना सांगितले, मी चिठ्ठी काढली, ज्या मुलाचे नाव आले त्याने ‘जमिनीत मुरले’ असे सांगितले, त्यावर चांगली चर्चा झाली आणि शेवटी ‘बाष्पीभवन’ हा शब्द फळ्यावर आला. मी समाधानी होते.

नंतर आम्ही बसलो तेव्हा सहकारी शिक्षिकेने आपली वही पुढे केली. ती त्याच मुलीच्या बाजूला बसली होती, जिचे आजोबा मिठागरात आहेत आणि जी वर्षभरात आपणहून माझ्याशी क्वचितच बोलली होती. वहीत लिहिले होते की प्रश्न ऐकताक्षणी ती जोडीदारणीला हळू आवाजात म्हणाली, "उदक वता, मीठ उरता." पाणी जाते, मीठ राहते. संपूर्ण पाठ या चार शब्दांत होता. मग तिने दोनदा माझ्याकडे पाहिले, ओठ हलवले आणि खाली पाहिले. चर्चा मुरण्यावर गेली तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटले. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. तिच्याजवळ उत्तर होते आणि ते मराठीत सांगायचे कसे, एवढेच नव्हते.

गोव्यात कोकणी-मराठीचा विषय निघाला की आवाज चढतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आधीपासून चालत आलेली ती चर्चा मला येथे करायची नाही. माझ्यासमोर प्रश्न वर्गातला होता. आमची शाळा मराठी माध्यमाची आहे, पालकांनी ती आपखुशीने निवडली आहे, आणि मुलांचे घरचे बोलणे कोकणी आहे; दोन-तीन घरांत कन्नड आहे. कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा एकमेकींना इतक्या जवळ आहेत की मुलाला अडचण येते हे आपल्या ध्यानातच येत नाही. कोकणीतला ‘मागीर’ म्हणजे नंतर आणि मराठीतले ‘मागे’ म्हणजे पूर्वी. गोष्टीतला क्रम विचारला की काही मुले हमखास उलटे का सांगतात, याचे एक कारण मला या वेळी कळले. मी स्वतः घरी कोकणी बोलते, वर्तमानपत्र मराठी वाचते, आणि वर्गाचा उंबरठा ओलांडताना एक भाषा बाहेर ठेवायची असते असे धरून चालले होते. मुलांनी ते माझ्याकडूनच उचलले होते.

तेव्हापासून वर्गात नियम झाला की विचार कोणत्याही भाषेत सांगावा, आणि मग आपण सगळ्यांनी मिळून तो मराठीत लिहावा. लिहिणे मराठीतच होते, शुद्धलेखनाबाबत मी सवलत देत नाही. ‘उदक वता, मीठ उरता’ हे वाक्य मी त्या मुलीच्या परवानगीने फळ्यावर लिहिले, त्याखाली मराठी वाक्य मुलांनी बनवले आणि मग ‘बाष्पीभवन’ शब्द पुन्हा आणला, तेव्हा तो त्यांना कशासाठी हवा आहे हे त्यांना ठाऊक होते. काही पालकांना हे रुचले नाही. एका वडिलांनी सभेत विचारले की मराठी शाळेत कोकणी बोलायचे असेल तर मुलाची मराठी सुधारणार कशी. त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि मी त्यांना दोन महिन्यांपूर्वीची आणि आताची वही शेजारी शेजारी ठेवून दाखवली. आधीच्या वहीत त्यांच्या मुलाची उत्तरे एकेका शब्दाची होती.

सगळेच जमले असे नाही. तास संपताना प्रत्येक मुलाने आपल्याला काय कळले ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे, ही कल्पना मी एका प्रशिक्षणातून आणली आणि तीन आठवड्यांत सोडली. वीस चिठ्ठ्या मी वाचत होते, पण त्यांच्या आधाराने दुसऱ्या दिवशीचा पाठ बदलायला मला सवड मिळत नव्हती, आणि तसे असेल तर मुलांना लिहायला लावणे अन्यायाचे आहे. दोन वर्ग एका खोलीत असताना तिसरीसाठी थांबले की चौथीची मुले रिकामी बसतात, ही अडचण मी अजून पुरती सोडवू शकलेले नाही. अभ्यासक्रम मागे पडला, ते अधिकाऱ्यांच्या एका भेटीत नोंदवलेही गेले, आणि ती नोंद खरी होती. मार्चमध्ये मी दोन पाठ घाईने उरकले. घाईने उरकलेल्या त्या पाठांवर मुलांना जूनमध्ये काहीही आठवत नव्हते, हेही मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

आता महिन्यातून दोनदा मी रेकॉर्ड करते आणि पूर्ण उतरवून न घेता फक्त तीन गोष्टी टिपते: माझे विचार करायला लावणारे प्रश्न किती, किती वेगवेगळ्या मुलांचे आवाज ऐकू आले, आणि मूल बोलून थांबल्यावर पहिले कोण बोलले. तिसरी नोंद सगळ्यांत अवघड आहे. अलीकडच्या एका रेकॉर्डिंगमध्ये प्रश्नानंतर इतकी शांतता आहे की कौलांवरचा पाऊस ऐकू येतो, मग एक मुलगा बोलतो, पुन्हा पाऊस ऐकू येतो, आणि मग माझ्याआधी दुसरी मुलगी म्हणते, "पण तसे असेल तर..."

येत्या महिन्यात आम्ही तिघी मिळून चौथीचा अपूर्णांकांचा पाठ आखतो आहोत. गेल्या वर्षी मी ‘पाव म्हणजे किती?’ असे विचारले, तेव्हा वर्गाचा अर्धा भाग एक म्हणाला, कारण रोज मधल्या सुट्टीत भाजीबरोबर त्यांना पाव मिळतो आणि तो अख्खा असतो. एका मुलाने खूप विचार करून सांगितले होते की पावाचे चार तुकडे केले तर एक तुकडा पाव पाव होईल. या वेळी सुरुवात तेथूनच करायची, की ‘चतकोर’ या शब्दापासून करायची, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही. सहकारी शिक्षिका या वेळी त्या मुलाच्या शेजारी बसणार आहे, ज्याच्या घरी कन्नड बोलतात.